समानार्थी शब्दांची असमानता

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलेल्या पुस्तकाला 'श्यामची आई' हे नाव दिले, आणि त्या नावातील दुसरा शब्द महाराष्ट्राला इतका आपला वाटला, की त्याच्या जागी अन्य कोणता शब्द येऊ शकला असता हा प्रश्नही सहसा कोणाच्या मनात उद्भवत नाही. कोशकाराला विचारावे तर तो निःशंकपणे सांगेल, की आई, माता, जननी, माय, मातोश्री हे सारे एकाच व्यक्तीचे वाचक शब्द आहेत. आणि शाळेच्या परीक्षेत समानार्थी शब्द विचारले असता यांपैकी कोणतेही दोन लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण गुण मिळतील. तथापि 'श्यामची माता' हे शीर्षक एकदा मनात उच्चारून पाहावे. कोकणातल्या पालगडच्या घरात राबणारी, कर्जाच्या तगाद्याने गांजलेली, न्हाऊन आलेल्या मुलाच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून धोंडेवर आपले ओचे पसरणारी ती बाई त्या एका शब्दासरशी चौरंगावर जाऊन बसते, तिच्या मस्तकाभोवती प्रभावळ उमटते, आणि तिला हाक मारण्याचा आपला अधिकार संपुष्टात येतो.

असे का व्हावे, याचे उत्तर कोशात मिळत नाही, कारण शब्द कशाला म्हणतात एवढेच कोश सांगतो. तो शब्द आजवर कोणाच्या तोंडी होता, कोणत्या प्रसंगी उच्चारला गेला आणि कोणाच्या संगतीत वाढला, याची नोंद भाषा बोलणाऱ्यांच्या स्मरणात असते. 'माता' हा शब्द आपण भारतमाता, गोमाता, राजमाता अशा सामासिक वैभवात आणि देवीच्या स्तोत्रात ऐकलेला असतो. 'जननी' म्हटले की पाठोपाठ 'जन्मभूमी' येणार, हे कानाला ठाऊक असते. 'मातोश्री' पत्राच्या मायन्यात शोभतात. त्यांचे क्रियापदही आदरार्थी अनेकवचनीच लागते. 'माय' वऱ्हाडात आणि खानदेशात रोजच्या चुलीपाशी बसणारी आहे, पण पुण्यामुंबईच्या छापील गद्यात तीच शिरली की किंचित काव्यमय होते, आणि 'मायबाप सरकार' या अर्जातल्या संबोधनात तर तीच हात जोडून उभी राहिलेली दिसते. 'आई' मात्र ठेच लागली असता तोंडातून निघते. गुरुजींना जी व्यक्ती सांगायची होती ती ठेच लागल्यावर आठवणारी होती, पूजेच्या वेळी आठवणारी नव्हती, आणि हा निर्णय त्यांच्या लेखणीने पहिल्या पानापूर्वीच केलेला आहे.

शब्दाला अर्थ असतो तसे कूळ असते आणि वतनही असते, असे मी म्हणतो ते याच कारणाने. मराठीत तर ही कुळे ठसठशीतपणे वेगळी ओळखू येतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द, प्राकृताच्या वाटेने झिजत झिजत आलेले तद्भव, मूळ कोणास नीटसे सांगता येत नाही असे देशी शब्द, बहमनी व नंतरच्या शाह्यांच्या काळात दफ्तरातून आणि लष्करातून शिरलेले फारसी-अरबी शब्द, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांकडून घेतलेले शब्द, आणि गेल्या दोनशे वर्षांतले इंग्रजी शब्द, इतक्या थरांवर मराठी लेखक उभा असतो. एकाच वस्तूसाठी, एकाच कृतीसाठी, एकाच दुःखासाठी त्याच्यासमोर तीन-चार शब्द हजर असतात; आणि त्यांतला एक उचलताना तो त्या वस्तूपासून किती अंतरावर उभा आहे, तिच्याकडे वर पाहतो की खाली, तिच्याशी त्याचे नाते घरचे आहे की कचेरीतले, हे सारे वाचकाला कळून जाते, मग लेखकाने ते कळू देण्याचा विचार केलेला असो वा नसो.

मरणाचेच उदाहरण घ्यावे, कारण कोणत्याही समाजाची शब्दसंपत्ती मृत्यूच्या दारात जितकी उघडी पडते तितकी अन्यत्र पडत नाही. मनुष्य मरतो, वारतो, जातो, निवर्ततो; त्याला देवाज्ञा होते; तो निधन पावतो, दिवंगत होतो, कैलासवासी अथवा वैकुंठवासी होतो; मुसलमान असेल तर पैगंबरवासी, ख्रिस्ती असेल तर ख्रिस्तवासी होतो; संन्यासी समाधिस्थ होतो; संत देह ठेवतात. रणांगणावर तो पडतो, ठार होतो, कामी येतो. 'कामी येणे' या शब्दप्रयोगाचा मला नेहमी विस्मय वाटतो: मेलेल्या शिपायाचे मरण ज्या धन्याच्या कामास लागले, त्या धन्याच्या दृष्टीने तो शब्द घडलेला आहे, आणि तरीही तो उच्चारताना शिपायाच्या घरच्यांनाही त्यात मान वाटत आलेला आहे. पानिपताच्या संग्रामाची जी वार्ता 1761 साली सांकेतिक भाषेत दक्षिणेत आली असे परंपरेने सांगितले जाते, तीत विश्वासराव आणि भाऊसाहेब मोत्यांच्या रूपाने, सरदार मोहरांच्या रूपाने आणि सामान्य सैनिक रुप्या-तांब्याच्या खुर्द्याच्या रूपाने आले. सावकारी पत्राची ती भाषा गुप्ततेसाठी निवडली होती. पण आज ती आठवताना अंगावर काटा येतो तो त्या मापाने, कारण एका संपूर्ण समाजाने आपली माणसे कोणत्या दराने मोजली होती हे त्या धातूंच्या उतरंडीत लिहिलेले आहे.

याच मालिकेतला 'मयत' हा शब्द मला लेखकाच्या दृष्टीने सर्वांत सामर्थ्यवान वाटतो. मूळ अरबी, फौजदारी पंचनाम्यात 'मयत इसम' म्हणून आणि गावच्या चावडीत वारसाच्या नोंदीत 'मयत खातेदार' म्हणून तो येतो. घरात कोणी हा शब्द सहसा उच्चारत नाही. आता अशी कल्पना करावी, की एखाद्या कथेत नवऱ्याच्या मरणानंतर पंधरवड्याने एक शेतकरीण जमीन आपल्या नावावर करून घेण्यासाठी तलाठ्याकडे गेली आहे. आजवर ती त्याला 'कारभारी' म्हणत आली. मरणाच्या दिवशी शेजारणींनी 'धनी गेला' म्हणून आकांत केला. कीर्तनकारबुवांनी 'वैकुंठवासी' म्हटले. तलाठी मात्र खाली मान घालून विचारतो, 'मयताचं नाव?' कथालेखकाने येथे एक अक्षरही अधिक लिहू नये. त्या बाईला काय वाटले, तिचे डोळे भरले की काय, चावडीतली भिंत कशी होती, हे सांगण्याची गरज उरत नाही, कारण 'कारभारी' आणि 'मयत' या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे तेच तिचे वैधव्य आहे. ज्या लेखकाला हे अंतर ऐकू येत नाही, तो त्याच ठिकाणी विशेषणांची रास ओततो, आणि वाचकाचे मन कोरडे राहते.

नवऱ्याला काय म्हणावे, हा प्रश्न तर मराठी स्त्रियांच्या लेखनात एकेकाळी फारच नाजूक होता. नाव घेणे निषिद्ध. म्हणून 'इकडून', 'तिकडून', 'स्वारी', 'आमच्या घरात' अशा दिशावाचक आणि स्थलवाचक शब्दांनी पतीचा निर्देश होई. या पार्श्वभूमीवर लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' उघडले, की पहिल्या काही पानांतच ध्यानात येते की ही बाई आपल्या नवऱ्याला 'टिळक' म्हणते. 1934 साली ज्याचा पहिला भाग प्रसिद्ध झाला त्या ग्रंथात हा शब्द जितक्या वेळा येतो तितक्या वेळा तो एक नवे नाते स्थापित करतो. 'इकडून' म्हणणारी स्त्री पतीच्या सावलीत उभी राहून बोलते. 'नारायण' म्हणाली असती तर त्या काळच्या वाचकाला तो उद्धटपणा वाटून त्याचे लक्ष कथेवरून उडाले असते. 'रेव्हरंड टिळक' म्हटले असते तर ते चरित्र सार्वजनिक सभेतले झाले असते. 'टिळक' या एका शब्दाने त्यांनी स्वतःला समोरासमोर आणून बसवले, जिथून त्या माणसाचे औदार्यही दिसते, लहरही दिसते, आणि 1895 साली त्याने केलेल्या धर्मांतराने आपल्या संसारावर कोसळलेला डोंगरही आक्रोश न करता सांगता येतो. लक्ष्मीबाईंचे शिक्षण फारसे झालेले नव्हते, आणि त्यांच्या गद्यात तत्सम शब्दांचा थाट जवळजवळ नाहीच. परंतु नेमक्या शब्दाची जी जाण त्यांना होती, ती त्या काळच्या कित्येक पदवीधर कादंबरीकारांच्या ठायी आढळत नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

भावनेपुरतेच शब्दाचे राज्य असते असे मात्र नाही. विचाराची दिशाही तो ठरवतो, आणि येथे महात्मा फुल्यांनी 1873 साली केलेली एक निवड मला अत्यंत विचारप्रवर्तक वाटते. अमेरिकेतील निग्रो लोकांना दास्यमुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलेल्या आपल्या ग्रंथाला त्यांनी 'गुलामगिरी' हे नाव दिले. संस्कृतप्रचुर लिहिणाऱ्या त्या काळच्या शास्त्रीमंडळींच्या हाती हा विषय आला असता, तर ग्रंथाच्या नावात बहुधा 'दास्य' हा शब्द आला असता, आणि तेथेच त्याची धार बोथट झाली असती. कारण दास्य हा आपल्याकडे नवविधा भक्तीतला एक प्रकार आहे. देवाचा दास म्हणवून घेण्यात धन्यता मानणारी संतपरंपरा त्या शब्दामागे उभी आहे. 'दास' हा शब्द नावाच्या शेवटी लावून मोठमोठी माणसे वंद्य झाली आहेत. त्या शब्दाने अन्यायाला पुण्याईची झालर लागते. फारसीच्या वाटेने आलेल्या 'गुलाम' या शब्दाला अशी कोणतीही सोय नाही. गुलाम विकत घेतला जातो, बाजारात उभा केला जातो, पत्त्यांच्या डावात राजाराणीच्या खाली बसतो. त्याला भक्ती नाही आणि मोक्षही नाही. 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची कठोर हजेरी घेतली हे प्रसिद्धच आहे. शास्त्रीबुवांच्या गद्याविषयी माझ्या मनात आदर आहे, मराठी वाक्याला त्यांनी दिलेला बांधेसूदपणा कोणी नाकारू नये. परंतु ज्याला ते अशुद्ध म्हणत होते त्या लेखकाने शीर्षकातला एकच शब्द किती अचूक तोलून घेतला होता, हे त्यांच्या दृष्टीतून निसटले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1924 साली स्थापलेल्या सभेचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा', आणि 1927 साली महाडच्या सत्याग्रहानंतर सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत'. 'अस्पृश्य' हा शब्द त्या वेळी सरकारी कागदांत व वृत्तपत्रांत सर्रास चाललेला होता. व्याकरणाच्या दृष्टीने या दोन शब्दांची फोड करून पाहावी. 'अस्पृश्य' हे विध्यर्थी रूप आहे: जे शिवू नये ते. म्हणजे त्या शब्दाच्या पोटात एक आज्ञा दडलेली आहे, आणि तो उच्चारणारा माणूस, त्याची इच्छा असो वा नसो, ती आज्ञा पुन्हा देत असतो. शिवाय ती आज्ञा अशा रीतीने दिलेली आहे, की विटाळ हा जणू त्या माणसाच्या अंगचाच गुण ठरावा. 'बहिष्कृत' हे कर्मणी भूतकालवाचक रूप आहे: ज्याला बाहेर काढले गेले तो. बाहेर काढले असे म्हणताच, कोणी काढले, हा प्रश्न उभा राहतो. आणि बाहेर काढलेला माणूस मुळात आत होता, हेही त्याच शब्दाने सिद्ध होते. पुढे रूढ झालेला 'दलित' हा शब्दही याच जातीचा आहे, भरडला गेलेला माणूस दाखवताना जाते फिरवणारा हात शोधायला लावणारा. गांधीजींनी प्रचारात आणलेला 'हरिजन' हा शब्द सद्भावनेतून आलेला होता यात शंका नाही, तथापि तो आंबेडकरांना व त्यांच्या अनुयायांना मानवला नाही. त्या शब्दात देव येतो, बाहेर काढणारा मनुष्य मात्र दिसेनासा होतो, हे त्यामागचे एक कारण असावे, असे मला वाटते.

कर्ता लपवण्याची ही कला आपल्या वृत्तपत्रांनी फार पूर्वीच आत्मसात केलेली आहे. 'जमावावर लाठीमार करण्यात आला', 'झोपड्या हटविण्यात आल्या', 'कामगारांना कमी करण्यात आले' ही वाक्ये आपण रोज वाचतो, आणि त्यांत कोणी कोणाला मारले, कोणाचे घर कोणी पाडले, कोणाची रोजी कोणी काढून घेतली, हे विचारायचे राहून जाते. 'कमी करणे' हा शब्द पाहावा: मीठ कमी करावे, खर्च कमी करावा, त्याच रांगेत माणूस. ज्या लिहिणाऱ्याला आपल्या वाचकाविषयी आस्था आहे, त्याने 'करण्यात आले' या शब्दांपाशी येताच थांबून कर्त्याचे नाव शोधावे; ते सापडले तर लिहावे, आणि सापडत नसेल तर ते का सापडत नाही याचा तपास करावा.

शब्दांच्या छटांवर एखाद्या माणसाचे आयुष्य टांगले जावे, असा प्रसंग मराठीच्या इतिहासात प्रत्यक्ष घडून गेला आहे, आणि तो घडला मुंबईच्या हायकोर्टात. लोकमान्य टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला 1897 साली. त्या वर्षी पुण्यातल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या खुनानंतर सरकारने जी पावले उचलली त्यांवर 'केसरी'ने 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असा अग्रलेख लिहिला होता. खटला भरला गेला तो जूनमधल्या मजकुरावर, पण मथळ्यांच्या इतिहासात हा अग्रलेख अजरामर झाला तो 'डोके' या शब्दामुळे. मस्तक पूज्य असते, शिर छेदले जाते, बुद्धी भ्रष्ट होते. डोके मात्र फिरते, उठते, ठिकाणावर नसते. साम्राज्याच्या सत्तेविषयी बोलताना टिळकांनी तो शब्द घेतला जो वाड्यातला माणूस शेजाऱ्याविषयी घेतो, आणि तेवढ्याने ती सत्ता वाचकाच्या ओसरीवर येऊन बसली. भय ज्या उंचीवर राहते ती उंचीच या शब्दाने काढून घेतली. त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी कायद्यातल्या एका शब्दाचा अर्थ ज्यूरीला समजावून सांगितला तोही लक्षात ठेवण्यासारखा आहे: सरकारविषयी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा नुसता अभाव, असे त्यांनी म्हटले. प्रजेने राज्यकर्त्यांवर प्रेम केले नाही तर तो गुन्हा, इतके त्या एका शब्दाचे क्षेत्र त्यांनी विस्तारले, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

1908 सालचा दुसरा खटला तर सर्वस्वी शब्दांचाच होता. मुजफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर 'केसरी'त आलेल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या दोन लेखांवर आरोप ठेवण्यात आले. लेख मराठीत, न्यायासनासमोर वाचले गेले ते त्यांचे इंग्रजी भाषांतर, आणि निकाल देणार होती सात युरोपियन आणि दोन पारशी गृहस्थांची ज्यूरी. टिळकांनी आपले काम स्वतः चालवले, कोर्टाच्या भाषांतरकाराची शब्दाशब्दावर उलटतपासणी घेतली, आणि भाषांतरात मूळ शब्दांचे रंग कसे बदलले आहेत हे दाखवण्याचा प्रयत्न केला. एकवीस तासांहून अधिक काळ, अनेक दिवस, ते ज्यूरीसमोर बोलत राहिले. ज्यांना मराठी येत नाही त्यांनी मराठी लेखाचा हेतू ठरवावा ही गोष्ट त्यांना मूलतः अन्यायाची वाटली, आणि ती तशी होतीच.

त्या दोन मथळ्यांकडेच आपण जरा निरखून पाहावे. बाँबच्या घटनेला टिळकांनी देशाचा अपराध म्हटले नाही, देशाचा पराक्रमही म्हटले नाही. 'दुर्दैव' हा शब्द योजला. दैव हा शब्द मराठी मनात कुठल्याही एका माणसाच्या हाती नसलेल्या गोष्टीसाठी येतो. म्हणून 'दुर्दैव' म्हणताच शोक व्यक्त होतो आणि दोष मोकळा राहतो, तो कोणाच्या पदरी घालायचा हे पुढच्या मजकुराने ठरावे अशा रीतीने. दुसऱ्या मथळ्यातला 'टिकाऊ' हा शब्द तर बाजारातला आहे. लुगडे टिकाऊ असते, लाकूड टिकाऊ असते, भांडे टिकाऊ असते. सरकारने जून महिन्यात वृत्तपत्रांविरुद्ध आणि स्फोटकांविरुद्ध जे कडक कायदे घाईघाईने केले, त्यांना हा शब्द लावताना टिळकांनी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाची मुद्रा धारण केली: माल हाती घेतला, उलटून पाहिला, आणि परत ठेवला. इंग्रजी प्रतिशब्दात 'दीर्घकाळ न टिकणारे' एवढा अर्थ उतरला तरी दुकानाच्या पायरीवरचा तो स्वर उतरत नाही. आणि स्वर उतरला नाही म्हणजे परखड पण घरगुती असलेली टीका कागदावर कठोर आणि धमकीवजा दिसू शकते. 22 जुलैला ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मताने टिळकांना दोषी ठरवले, सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्या कामगारांतल्या बहुतेकांना लिहितावाचता येत नसेल. पण 'केसरी' मोठ्याने वाचला जाई, आणि 'टिकाऊ' म्हणजे काय हे त्यांना भाषांतरकाराकडून समजून घ्यावे लागत नव्हते.

राज्यसत्तेने शब्द निवडण्याची परंपरा आपल्याकडे याहून जुनी आहे. 1674 च्या राज्याभिषेकानंतर शिवाजीमहाराजांनी दफ्तरातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राजव्यवहारकोश' रघुनाथ पंडितांच्या देखरेखीखाली करवून घेतला, आणि अष्टप्रधानांची नावे बदलली: पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, डबीर सुमंत, सरनौबत सेनापती. नव्या सार्वभौम राज्याने आपला स्वतंत्र स्वर उमटवावा, ही त्यामागची भावना थोर होती आणि त्या काळी अत्यावश्यकही होती. तरी पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. भोरचे पंतसचिव आणि बावड्याचे पंतअमात्य ही नावे टिकली. परंतु बाळाजी विश्वनाथांच्या घराण्याच्या शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' असले, तरी मराठी माणसाच्या जिभेवर आणि इतिहासाच्या पानांवर ते घराणे 'पेशवे' म्हणूनच राहिले. शिक्का राजाच्या हाती होता, जीभ नव्हती.

विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची जी चळवळ केली, तिच्या यशापयशाचाही हिशेब असाच संमिश्र आहे. दिनांक, महापौर, दिग्दर्शक, प्राचार्य, अर्थसंकल्प हे त्यांनी दिलेले किंवा रूढ केलेले शब्द आज कोणाला नवे वाटत नाहीत. 'हुतात्मा' हा तर मला त्यांच्या शब्दनिर्मितीचा मुकुटमणी वाटतो. 'शहीद' या अरबी शब्दाच्या मुळाशी साक्ष देणारा अशी कल्पना आहे; 'हुतात्मा' म्हणताच यज्ञकुंड पेटते आणि ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो माणूस ज्वाळांत दिसतो. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत ज्यांनी प्राण दिले त्यांच्या स्मारकाच्या चौकाला हा शब्द मिळाला, आणि मराठी मनाने तो निःसंकोच स्वीकारला, कारण त्याच्याजवळ भावनेची रिकामी जागा भरून काढण्याचे सामर्थ्य होते.

त्याच चळवळीत माधव जूलियन ओढले गेले, आणि त्यांची कथा मला व्यथित करते. माधवराव पटवर्धन हे फारसीचे मोठे व्यासंगी; 1925 साली त्यांनी 'फारसी-मराठी कोश' सिद्ध केला; उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या; गझल हा रचनाप्रकार मराठीत रुजवला. त्यांच्या आरंभीच्या कवितेत फारसी शब्द येतात ते त्या कवितेच्या श्वासातून येतात. पुढे भाषाशुद्धीचे तत्त्व त्यांना पटले, 1938 साली 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ त्यांनी लिहिला, आणि स्वतःच्या पूर्वीच्या कवितांवर त्या दृष्टीने नवा संस्कार केला. तत्त्वनिष्ठेचे असे उदाहरण विरळा. ज्याने एक अख्खी शब्दसंपत्ती कष्टाने जमवली त्यानेच ती स्वतःच्या ओळींतून वेचून बाहेर ठेवावी, यात केवढे मनोधैर्य आहे! तरीही कवितेच्या बाजूने उभे राहून मी म्हणेन, की तो व्यवहार तोट्याचा होता. 'दिल' काढून 'हृदय' ठेवता येते, अर्थ सांभाळला जातो, मात्राही जुळवता येतात. परंतु 'दिल' घेऊन आलेली बेफिकिरी, रात्रीची मैफल, समोरच्याला बरोबरीने केलेले संबोधन, हे सारे 'हृदया'च्या वाड्यात शिरत नाही. उलट बाजूनेही हेच खरे आहे: जिथे 'हृदय' हवे तिथे 'दिल' घातला तर गांभीर्य सैल पडते. कवीला दोन्ही दालनांच्या किल्ल्या हव्यात, आणि यांतली एक दुसऱ्या कोणी मागितली म्हणून त्याने देऊन टाकू नये. फारसी शब्द परके आहेत हा युक्तिवाद मला कधीच पूर्ण पटलेला नाही. चारपाचशे वर्षे ज्याने आपल्याबरोबर कर्ज काढले, शेत खरीद केले, फिर्याद गुदरली आणि मयताची नोंद केली, त्याला परका म्हणणे अवघड आहे.

राज्यभाषा झाल्यानंतर मराठीच्या शासकीय परिभाषेनेही बहुतांशी तत्सम मार्गच पत्करला, आणि कागदोपत्री एकसूत्रीपणासाठी तो समजण्यासारखा आहे. जिल्ह्याच्या कचेरीवर 'जिल्हाधिकारी' अशी पाटी लागली, तरी तलाठी आणि तहसीलदार दीर्घकाळ आपल्या जुन्या नावांनीच राहिले. कोणत्याही सरकारी पत्राच्या शिरोभागी 'दिनांक' असतो, आणि तो तेथे शोभतोही. तो शांत, निर्विकार, पंचांगातला शब्द आहे. पण ज्याचा बांधाचा दावा दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षे पडून आहे तो शेतकरी पहाटेच्या एस.टी.ने तालुक्याला निघतो तेव्हा बायकोला 'दिनांक आहे' असे सांगत नाही. 'आज तारीख आहे' म्हणतो. संध्याकाळी परत येऊन 'पुढची तारीख पडली' म्हणतो. आणि त्या 'पडली'त मजुरी बुडालेला दिवस, वकिलाची फी, बाकावर घालवलेले तास हे सारे मावलेले असते. त्याची कथा लिहायला जो बसेल, त्याने पत्राच्या वरच्या कोपऱ्यात खुशाल दिनांक घालावा. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र तारीखच द्यावी, आणि तीही पडलेलीच.